तीन महिन्यांसाठी गेलेली मुले

२६ एप्रिल १९३७, सोमवार. पॅरिसच्या पार्क दे प्रँस मैदानावर एका नव्याकोऱ्या संघाचा पहिला सामना होता. संघाचे नाव एउस्कादी. स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क प्रांतांतले नावाजलेले व्यावसायिक फुटबॉलपटू त्यात एकत्र आले होते. समोर होता रेसिंग हा आदल्या वर्षीचा फ्रेंच विजेता संघ. बास्क संघाने सामना ३-० असा जिंकला आणि तिन्ही गोल इसिद्रो लांगारा या एकाच आघाडीपटूने केले. त्याच दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास बास्क प्रदेशातल्या गेर्निका या छोट्या गावावर जर्मन आणि इटालियन विमाने आली. गावचा तो बाजाराचा दिवस होता. तीन तासांत गावाचा मध्यभाग जळून गेला. किती माणसे मेली याबद्दल इतिहासकारांत आजही एकमत नाही.

या दोन्ही घटनांशी एका माणसाचा थेट संबंध होता. होसे अंतोनियो आगिर्रे हा बास्क सरकारचा अध्यक्ष. वय अवघे तेहेतीस. आदल्या ऑक्टोबरमध्ये त्याने पदाची शपथ घेतली होती ती गेर्निकातल्याच ऐतिहासिक ओक वृक्षाखाली. वकिली आणि राजकारण सुरू होण्यापूर्वी तो बिल्बाओच्या ॲथलेटिक क्लबकडून मधल्या फळीत खेळलेला होता. जगाला आपली बाजू कळावी आणि युद्धग्रस्तांसाठी पैसा उभा राहावा म्हणून फुटबॉल संघ परदेशी पाठवण्याची कल्पना त्याच्या सरकारला सुचली, यात नवल नव्हते. पण गेर्निकानंतर त्याच सरकारला आणखी एक तुकडी परदेशी पाठवावी लागली. ती लहान मुलांची होती. त्या मुलांतले काही जण पुढे व्यावसायिक फुटबॉलपटू झाले. त्यांच्यापैकी एमिलियो आल्देकोआची कारकीर्द ही या लेखाची मुख्य वाट आहे. पण त्याच्याबरोबर निघालेल्या इतरांच्या वाटा पाहिल्याशिवाय ती नीट समजत नाही.

जुलै १९३६ मध्ये लष्करातल्या सेनापतींनी स्पेनच्या निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केले. लवकरच त्या बंडाचे नेतृत्व जनरल फ्रँकोकडे आले. हिटलर आणि मुसोलिनीने त्याला विमाने, वैमानिक आणि सैन्य पुरवले. ब्रिटन आणि फ्रान्सने हस्तक्षेप न करण्याचे धोरण धरले. १९३७ च्या वसंतात फ्रँकोच्या फौजा उत्तरेकडे वळल्या. ३१ मार्चला दुरांगो या गावावर बाँब पडले आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर गेर्निका. बिल्बाओ शहरात निर्वासितांची गर्दी झाली होती, बंदराची नाकेबंदी होती, पाव मिळणे दुरापास्त झाले होते आणि भोंगा वाजला की लोक बोगद्यांत व तळघरांत धावत होते.

गेर्निकाची हकीकत जॉर्ज स्टीअर या पत्रकाराने लंडनच्या ‘टाइम्स’मधून जगापुढे आणली. तोवर बास्क मुलांना ब्रिटनमध्ये आणण्याची मागणी तिथल्या मदत समित्या करत होत्याच. डचेस ऑफ ॲथॉल या हुजूर पक्षाच्या खासदार बाई आणि मजूर पक्षाच्या लेआ मॅनिंग या दोघी त्यात पुढे होत्या. मॅनिंग स्वतः बिल्बाओला जाऊन बसल्या आणि तिथून तारा पाठवत राहिल्या. पंतप्रधान बाल्डविन यांचे सरकार नाखूश होते. अखेर परवानगी मिळाली, पण अट घालून. सरकारी तिजोरीतून एक पेनीही मिळणार नाही. दर मुलामागे आठवड्याला दहा शिलिंगांची हमी समितीनेच द्यायची. म्हणजे मुलांच्या जेवणाखाण्याचा भार सामान्य ब्रिटिश माणसांच्या वर्गणीवर पडणार होता. कामगार संघटना, चर्च, क्वेकर मंडळी, गावोगावचे शिक्षक यांनी तो उचलला.

२१ मे १९३७ रोजी पहाटे ‘हबाना’ ही बोट बिल्बाओजवळच्या सान्तुर्त्सी बंदरातून सुटली. एरवी आठशे उतारू नेणाऱ्या या बोटीवर ३,८०० हून अधिक मुले चढवली होती. सोबत शिक्षिका, मदतनीस बायका आणि १५ धर्मगुरू होते. प्रत्येक मुलाच्या कपड्यावर षटकोनी पुठ्ठा टाचला होता. त्यावर त्याचा क्रमांक आणि ‘इंग्लंडची मोहीम’ असे स्पॅनिश शब्द होते. आईबापांनी मुलांना सांगितले होते, फक्त तीन महिन्यांसाठी जायचे आहे. बिस्केच्या उपसागरात वादळ लागले आणि बहुतेक मुलांनी तो प्रवास ओकाऱ्या काढत केला.

या गर्दीत तीन मुलगे असे होते की तिघांचाही जन्म १९२२ च्या उत्तरार्धातला. साबिनो बारिनागा मूळचा दुरांगोचा, रायमुंदो लेसामा बाराकाल्दोचा आणि एमिलियो आल्देकोआ बिल्बाओचा. चौदा वर्षांचे असल्याने बोटीवर ते मोठ्यांतच मोडत होते.

बोट साउदॅम्प्टनला लागली तेव्हा शहरभर पताका लागलेल्या होत्या. दहा-बारा दिवसांपूर्वी राजे सहावे जॉर्ज यांचा राज्याभिषेक झाला होता आणि सजावट अजून उतरवलेली नव्हती. ती आपल्याच स्वागतासाठी आहे, असे अनेक मुलांना वाटले. ईस्टलीजवळच्या नॉर्थ स्टोनहॅम इथे शेतांत तंबू ठोकून छावणी उभी केली होती. स्वयंसेवकांनी ती दोन आठवड्यांत उभारली. मुलांना पांढरा पाव मिळाला; कित्येकांनी तो महिन्यांत पाहिला नव्हता. पण जवळच ईस्टलीचा विमानतळ होता. वरून विमान गेले की मुले जमिनीवर आडवी पडत किंवा झुडपांत धावत. ही विमाने आपल्यावर काही टाकणार नाहीत, हे पटायला वेळ लागला.

बिल्बाओच्या मुलांना इंग्लंड नवे असले तरी इंग्लंडचा फुटबॉल नवा नव्हता. बिल्बाओचे लोखंड इंग्लंडला जाई आणि इंग्लंडचा कोळसा बिल्बाओला येई. या व्यापाराबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खलाशी आणि अभियंते चेंडू घेऊन आले, तर इंग्लंडमध्ये शिकायला गेलेले श्रीमंतांचे मुलगे खेळ शिकून परतले. शहरातल्या मोठ्या क्लबने आपले नावच ‘ॲथलेटिक’ असे इंग्रजी वळणाचे ठेवले. १९३० आणि १९३१ अशी लागोपाठ दोन वर्षे या क्लबने स्पेनची लीग जिंकली तेव्हा त्याचा प्रशिक्षक फ्रेड पेंटलंड हा इंग्रज होता. क्लबच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांची गोष्टही क्लबच्या इतिहासात आवर्जून सांगतात. आधी संघ ब्लॅकबर्न रोव्हर्ससारखे निळे-पांढरे सदरे घाली. १९०९ मध्ये हुआन एलोर्दुई नावाचा सभासद इंग्लंडमध्ये नवे सदरे आणायला गेला. ब्लॅकबर्नचे पुरेसे सदरे मिळाले नाहीत, म्हणून परतीच्या वाटेवर त्याने साउदॅम्प्टन क्लबचे ५० लाल-पांढरे सदरे घेतले आणि बोट पकडली. तेव्हापासून तोच पोशाख. बिल्बाओतून बाहेर पडलेली मुले, म्हणजे, अशा गावात उतरली होती जिथला स्थानिक संघ त्यांच्या ॲथलेटिकच्याच रंगांत खेळत होता.

१९ जूनला बिल्बाओ पडले. छावणीत ध्वनिक्षेपकावरून ती बातमी सांगितली गेली आणि मुलांनी एकच आकांत केला. काही मोठे मुलगे कुंपणाबाहेर धावत सुटले. आपण परत जाऊन लढणार, असे म्हणत. तीन महिन्यांचा हिशेब त्या दिवशी मोडला. मुलांना गटागटाने देशभरच्या निवासांत पाठवण्यात आले. कुठे रिकामा वाडा, कुठे पाद्र्याचे घर, कुठे मठ. असे नव्वदच्या आसपास निवास उभे राहिले. ते चालवण्यासाठी मुले स्वतः बास्क गाणी आणि नाच सादर करून वर्गणी गोळा करत. आणि फुटबॉल खेळत. आसपासच्या शाळांशी आणि गावच्या संघांशी सामने होत. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला इंग्रज मुलांबरोबर बरोबरीने करता येण्यासारखी तीच एक गोष्ट होती.

बारिनागा आणि लेसामा साउदॅम्प्टनच्या परिसरातच राहिले. मुलांच्या सामन्यांतून ते साउदॅम्प्टन क्लबच्या नजरेत आले आणि क्लबच्या कनिष्ठ संघात दाखल झाले. बारिनागा गोल करायचा, लेसामा गोल राखायचा. क्लबचे मैदान होते ‘द डेल’. इंग्रजी फुटबॉलच्या मुशीत, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, त्यांचे रीतसर शिक्षण सुरू झाले.

तोवर एक प्रश्न प्रत्येक निवासाच्या दारात येऊन उभा राहिला होता. परत जायचे की नाही? फ्रँकोचे सरकार मुलांना परत मागत होते. ब्रिटनमधल्या एका वर्गाचेही म्हणणे होते की लढाई बास्क प्रदेशापुरती संपली, आता मुलांना घरी पाठवा. काही आईबाप पत्र लिहून मुलांना बोलावत होते. पण काही आईबाप तुरुंगात होते, काही फ्रान्समध्ये परागंदा होते, काही जिवंतच नव्हते. पत्र खरे आहे की दडपणाखाली लिहिलेले, हे ठरवणे सोपे नव्हते. एप्रिल १९३९ मध्ये यादवी युद्ध फ्रँकोच्या विजयाने संपले आणि सप्टेंबरमध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. बहुतेक मुले या सुमारास परत गेली. १९४५ मध्ये महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडमध्ये राहिलेल्यांची संख्या सुमारे चारशे होती. या मुलांपैकी जे फुटबॉलपटू झाले त्यांच्या कारकिर्दी कुठे वळल्या हे गुणांपेक्षा याच प्रश्नाच्या उत्तराने ठरवले.

बारिनागा आणि लेसामा परतले ते महायुद्धाच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत. त्यांनी सोडलेला देश तो राहिला नव्हता. बास्क भाषेवर सार्वजनिक जीवनात बंदी होती. परदेशी नावे चालणार नाहीत असा हुकूम निघाला आणि १९४१ मध्ये ‘ॲथलेटिक’चे नाव ‘अतलेतिको दे बिल्बाओ’ करावे लागले. राष्ट्रीय चषकाला फ्रँकोच्या ‘जनरलिसिमो’ या पदवीचे नाव मिळाले होते. लेसामा याच क्लबचा गोलरक्षक झाला आणि १९५७ पर्यंत तिथेच राहिला. दोन वेळा लीग आणि सहा वेळा चषक जिंकणाऱ्या संघांत तो होता. १९४६-४७ च्या मोसमात स्पेनमधल्या सर्वांत कमी गोल स्वीकारणाऱ्या गोलरक्षकाला मिळणारे सामोरा पारितोषिक त्याने मिळवले. आपल्या गावच्या क्लबमध्ये, आपल्या माणसांत, सोळा वर्षे. परतलेल्यांपैकी सर्वांत सरळ रेषेतली कारकीर्द त्याची म्हणावी लागेल.

बारिनागा रेआल माद्रिदला गेला. १३ जून १९४३ रोजी चषकाच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना माद्रिदमध्ये होता. पहिला सामना बार्सिलोनाने ३-० ने जिंकला होता. माद्रिदमध्ये निकाल लागला ११-१. स्पेनच्या फुटबॉलमधल्या सर्वांत वादग्रस्त सामन्यांपैकी हा एक. बार्सिलोनाच्या खेळाडूंना आधी धमकावले गेले होते, हा आरोप आजही केला जातो. सामन्यानंतर दोन्ही क्लबांच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले आणि माद्रिदच्या अध्यक्षपदी सान्तियागो बेर्नाबेऊ आला. त्या अकरापैकी चार गोल बारिनागाचे होते. बेर्नाबेऊने पुढे प्रचंड नवे मैदान बांधले. १४ डिसेंबर १९४७ रोजी लिस्बनच्या बेलेनेन्सेस संघाविरुद्धच्या सामन्याने त्याचे उद्घाटन झाले. या मैदानावरचा पहिला गोल बारिनागाने केला. आज हे मैदान बेर्नाबेऊच्याच नावाने जगभर ओळखले जाते. राजधानीच्या वैभवाचे ते प्रतीक मानले जाते, आणि त्यावरचा पहिला गोल आहे तो बाँब पडलेल्या दुरांगोत जन्मलेल्या, बोटीने इंग्लंडला धाडलेल्या आणि साउदॅम्प्टनमध्ये खेळ शिकलेल्या मुलाचा.

आल्देकोआ मात्र परतला नाही. तो मिडलँड्समध्ये राहिला, स्टॅफर्डच्या ‘इंग्लिश इलेक्ट्रिक’ कारखान्यात कामाला लागला आणि कारखान्याच्या संघातून खेळू लागला. युद्धामुळे नेहमीची लीग स्थगित होती. तिच्या जागी प्रादेशिक सामने होत. खेळाडू सैन्यात गेलेले, त्यामुळे क्लब जो मिळेल त्याला उतरवत. वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सचा व्यवस्थापक मेजर फ्रँक बकली तर कोवळ्या पोरांना संधी देण्याबद्दल प्रसिद्धच होता. युद्धकाळात त्याने चौदा वर्षांच्या मुलालाही मोठ्यांच्या सामन्यात उतरवले होते. १९४३ मध्ये वीस वर्षांचा आल्देकोआ वुल्व्हरहॅम्प्टनकडून खेळू लागला. डाव्या बाजूने धावणारा, चेंडूवर हुकूमत असलेला हा खेळाडू बकलीच्या संघात बसला.

इथे एक नियम समजून घ्यायला हवा. १९३१ पासून इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने परदेशी व्यावसायिकांवर दोन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली होती. दोन वर्षे देशात राहिल्याशिवाय व्यावसायिक म्हणून खेळता येणार नाही. कुठला चांगला खेळाडू दोन वर्षे रिकामा बसणार? इंग्लंडचे दार परदेशी फुटबॉलपटूंना त्यामुळे जवळपास बंद झाले, आणि ते १९७८ पर्यंत तसेच राहिले. या काळात ही अट ज्यांना सहज पार करता आली ते खेळासाठी आलेलेच नव्हते. पकडलेले सैनिक, निर्वासित, युद्धाने आणून टाकलेली माणसे. मँचेस्टर सिटीचा गाजलेला जर्मन गोलरक्षक बर्ट ट्राउटमान हा युद्धकैदी म्हणून आला होता. आल्देकोआ निर्वासित म्हणून. इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये खेळणारा पहिला स्पॅनिश खेळाडू, अशी त्याची नोंद आहे. निव्वळ गुणावर कोणी स्पॅनिश खेळाडू त्या लीगमध्ये शिरूच शकत नव्हता. बाँब आणि बोट, ही त्या विक्रमाची पूर्वअट होती.

१९४५ मध्ये आल्देकोआ कॉव्हेंट्री सिटीत गेला. १४ नोव्हेंबर १९४० च्या एका रात्रीत जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीचा मध्यभाग जाळला होता. पाचशेहून अधिक माणसे मेली होती आणि जुन्या कॅथीड्रलच्या फक्त बाहेरच्या भिंती आणि मनोरा उरला होता. ज्या हवाई दलाने बास्क गावांवर सराव केला त्याच हवाई दलाने हे केले होते. बिल्बाओच्या मुलाला या शहरात कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. १९४६-४७ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली आणि कॉव्हेंट्री दुसऱ्या श्रेणीत होती. त्या मोसमात आल्देकोआ लीगचे २९ सामने खेळला. त्या वर्षीचा हिवाळा इंग्लंडमधल्या सर्वांत कडक हिवाळ्यांपैकी एक होता. बर्फामुळे सामने रद्द होत गेले आणि मोसम जूनपर्यंत लांबला.

१९४७ च्या उन्हाळ्यात तो घरी परतला. तीन महिन्यांसाठी निघालेला मुलगा दहा वर्षांनी, चोवीस वर्षांचा तयार खेळाडू होऊन. अतलेतिको दे बिल्बाओने त्याला घेतले. तिथे गोलमध्ये उभा होता लेसामा. ‘हबाना’वरून गेलेले दोन मुलगे एका संघात आले. पण आल्देकोआच्या वाट्याला अडचणीची जागा आली. इरिओन्दो, बेनान्सिओ, सारा, पानिसो, गाइन्सा ही त्या काळची आघाडीची फळी बिल्बाओत आजही लोक एका दमात म्हणतात. डाव्या विंगला गाइन्सा असताना दुसऱ्या कोणाला तिथे कायमची जागा मिळणे अवघड होते. तरीही ३० मे १९४८ रोजी बार्सिलोनात आयर्लंडविरुद्ध तो स्पेनच्या राष्ट्रीय संघात खेळला. स्पेनने सामना २-१ ने जिंकला. राष्ट्रीय संघातला त्याचा हा एकमेव सामना. ज्या राजवटीसाठी लढणाऱ्या विमानांपासून त्याला दूर पाठवले होते त्याच राजवटीचे राष्ट्रगीत त्या दिवशी वाजले. याबद्दल त्याला काय वाटले हे विचारायची सोय तेव्हाच्या स्पेनमधल्या वर्तमानपत्रांना नव्हती.

१९४९ मध्ये तो बायादोलिदला गेला. त्या क्लबने १९५० मध्ये चषकाची अंतिम फेरी गाठली आणि तिथे गाठ पडली ती बिल्बाओशीच. जादा वेळेत सामना ४-१ असा बिल्बाओने जिंकला आणि चारही गोल साराने केले. १९५१ मध्ये आल्देकोआ बार्सिलोनात आला. हा त्या क्लबचा सुवर्णकाळ होता. १९५१-५२ च्या एका मोसमात त्यांनी पाच चषक जिंकले. आल्देकोआ या संघातला तारा नव्हता. तारा होता लादिस्लाओ कुबाला.

आणि कुबालाही निर्वासितच होता. १९४९ मध्ये तो कम्युनिस्ट हंगेरीतून पळाला होता. फ्रँकोच्या सरकारला ही कहाणी सोन्यासारखी होती. लाल राजवटीतून सुटून स्वतंत्र स्पेनच्या आश्रयाला आलेला महान खेळाडू! त्याला नागरिकत्व मिळाले. १९५५ मध्ये त्याच्या पलायनावर चित्रपट निघाला आणि त्यात खुद्द कुबालाने काम केले. त्याच पोशाखघरात, त्याच्याच बाकावर, दुसरा एक निर्वासित बसत होता. तो फ्रँकोसाठी लढणाऱ्या विमानांपासून वाचवला गेला होता. त्याच्यावर चित्रपट निघणे शक्यच नव्हते. एका संघातल्या दोन आयुष्यांपैकी कोणते सांगायचे आणि कोणते गिळायचे, हे सत्ता ठरवत होती. आल्देकोआबद्दल स्पेनमध्ये लिहिले जाई ते इंग्लंडमध्ये खेळून आलेला खेळाडू म्हणून. इंग्लंडला का गेला होता, हा भाग वगळला जाई.

जे परतलेच नाहीत त्यांचेही पाहिले पाहिजे. होसे गायेगो हा एरेन्तेरिया गावचा. तो आणि त्याचा भाऊ अंतोनियो केंब्रिजच्या निवासात वाढले. तिथल्या विद्यापीठातल्या मंडळींनी या निवासाला मोठा आधार दिला होता. होसे पुढे ब्रेंटफर्ड, साउदॅम्प्टन आणि कोल्चेस्टरकडून खेळला. गोलरक्षक अंतोनियो १९४७ मध्ये नॉर्विचकडून लीगचा एक सामना खेळला. दोघांनीही केंब्रिजला घर केले. त्याच एरेन्तेरियाचा आगुस्तिन गोमेस मात्र दुसऱ्या बोटीत बसला. त्याची बोट सोव्हिएत संघाकडे गेली. सुमारे तीन हजार स्पॅनिश मुले तिकडे पाठवली गेली होती. गोमेस मॉस्कोच्या तोर्पेदो संघाचा बचावपटू आणि पुढे कर्णधार झाला. १९४९ आणि १९५२ मध्ये त्या संघाने सोव्हिएत चषक जिंकला. स्टालिनच्या मृत्यूनंतर परतीची वाट उघडली आणि १९५६ च्या सुमारास तो स्पेनला आला. माद्रिदच्या अतलेतिकोने त्याची चाचणीही घेतली. पण वय निघून गेले होते आणि पोलिसांच्या लेखी मॉस्कोहून आलेला माणूस हा खेळाडू नव्हताच, हेर होता. काही वर्षांत त्याला देश सोडावा लागला. १९७५ मध्ये तो मॉस्कोतच वारला. एकाच गावचे दोन मुलगे. कोण कोणत्या धक्क्यावरून चढला, एवढ्यावर एकाची इंग्लिश लीग आणि दुसऱ्याची सोव्हिएत लीग ठरली.

आल्देकोआने खेळ सोडल्यावर प्रशिक्षकाचे काम केले. १९६० मध्ये तो पुन्हा इंग्लंडला आला, या वेळी बर्मिंगहॅम सिटीत व्यवस्थापक गिल मेरिकचा मदतनीस म्हणून. त्या काळात बर्मिंगहॅम युरोपातल्या स्पर्धांत खेळत होते आणि १९६१ मध्ये फेअर्स चषकाच्या अंतिम फेरीत रोमाशी त्यांची गाठ पडली. दोनेक वर्षांनी आल्देकोआ कॅटलोनियात परतला. १९९९ मध्ये त्याचे निधन झाले. तोवर इंग्लंडच्या मैदानांवर परदेशी खेळाडू ही रोजची गोष्ट झाली होती. २००३ मध्ये सेस्क फाब्रेगास सोळाव्या वर्षी बार्सिलोना सोडून आर्सेनलमध्ये गेला. त्याच्या मागे करार होता, दलाल होता, आईबाप केव्हाही विमानाने येऊ शकत होते. तरुण स्पॅनिश खेळाडूच्या इंग्लंडमधल्या कारकिर्दीचा आजचा अर्थ हा आहे. पहिल्याच्या वाट्याला तो नव्हता.

बिल्बाओचा क्लब आजही फक्त बास्क भूमीत जन्मलेले किंवा तिथे खेळ शिकलेले खेळाडू घेतो. १९९४ मध्ये बिल्बाओत जन्मलेला इन्याकी विल्यम्स या क्लबचा कर्णधार झाला. त्याचे आईवडील घानाहून सहारा वाळवंट तुडवत, मेलियाचे कुंपण ओलांडून स्पेनमध्ये आले होते. त्याचा धाकटा भाऊ निको याने १४ जुलै २०२४ रोजी बर्लिनमध्ये युरो चषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनचा पहिला गोल केला. समोर संघ होता इंग्लंडचा. ज्या शहराने आपली मुले बोटीत बसवून परमुलखाच्या हवाली केली, त्या शहराच्या क्लबमधून आता दुसऱ्यांच्या परागंदा पिढीची मुले घडत आहेत.

अशा कहाण्या ऐकल्या की एक सोयीचा निष्कर्ष जिभेवर येतो. बघा, आश्रय दिला की पुढे केवढे खेळाडू मिळतात! तो मोहाचा आहे आणि चुकीचा आहे. १९३७ मध्ये आठवड्याला दहा शिलिंग देणाऱ्या कारकुनाला, खाणकामगाराला, शिक्षिकेला या पुठ्ठे टाचलेल्या मुलांत गोलरक्षक कोण आणि विंगर कोण हे ठाऊक नव्हते, आणि त्यांनी ते विचारलेही नाही. बोटीवरच्या सुमारे चार हजारांपैकी जेमतेम अर्धा डझन नावे फुटबॉलच्या नोंदवह्यांत सापडतात. बाकीच्यांनी शिवणकाम केले, कारखान्यांत राबले, संसार केले, काही युद्धात मेले. त्यांच्या आयुष्याचे गुण कुठल्या फलकावर लागले नाहीत. आल्देकोआची कारकीर्द लक्षात ठेवायची ती त्याने किती गोल केले म्हणून नव्हे. त्याला वाचवायचे ठरवले तेव्हा तो कोणीच नव्हता, आणि तेवढे कारण पुरेसे मानले गेले, यासाठी.